कोणाचे ओझे, कोणाचा भार?

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहायला सांगतो, आणि तीनच वचने पुढे प्रत्येकाने आपला भार आपणच वाहिला पाहिजे असेही म्हणतो. शब्बाथशाळेच्या वरच्या वर्गात हा भाग आला की एखादे चौकस मूल विचारतेच, "मग यांतले खरे कोणते?" या प्रश्नाला आम्ही कित्येक वर्षे एक ठरीव उत्तर देत आलो. मूळ ग्रीक भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे माणसाला दडपून टाकणारे वजन. दुसरा 'फोर्टियोन', म्हणजे ज्याचे त्याने न्यायचे ओझे. रोमच्या प्रवासात पौल जहाजातल्या मालाविषयी बोलतो तेथे हाच दुसरा शब्द येतो, आणि प्रभू आपले ओझे हलके आहे असे म्हणतो तेथेही हाच. एवढे सांगितले की वर्ग गप्प बसे आणि आमच्या पदविकेचे त्या दिवसापुरते चीज होई.

परंतु शब्द दोन आहेत हे कळले म्हणून समोरच्या माणसाच्या डोक्यावर त्यांतले कोणते आहे हे कळतेच असे नाही. (शिवाय जाणकार सांगतात की हे दोन शब्द कधी कधी एकमेकांच्या जागीही वापरले जात, तेव्हा हा भेद फार ताणू नये.) आमची चूक नेमकी इथेच झाली. ती आमच्या मंडळीत घडली, आणि कळली मात्र फार दूर, एका परक्या देशातल्या सरोवराच्या काठी, गुडघाभर पाण्यात.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, वय पंचाहत्तरीच्या आसपास. यजमान प्रभूकडे गेल्यापासून एकट्याच राहतात. २०२३ च्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि डावे मनगट मोडले. महिला मंडळाने त्याच दिवशी डब्यांच्या पाळ्या लावल्या. मावशींनी दोन दिवस डबा घेतला. तिसऱ्या दिवशी धुऊन पुसून परत पाठवला, आणि निरोप दिला की उद्यापासून नको, मी करते. भगिनींना हे फार लागले. एवढा ताठा बरा नव्हे, असे जो तो म्हणू लागला. खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटले.

पुढच्या बुधवारी बायबल अभ्यासात आम्ही योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय घेतला. प्रभूकडून पाय धुऊन घ्यायला पेत्र नकार देतो, तो भाग. सेवा नाकारणे हाही गर्वाचाच एक प्रकार, असे आम्ही ठासून सांगितले. बोलताना कोणाकडे पाहिले नाही, पण कोणासाठी बोलत होतो हे सगळ्यांना ठाऊक होते. मावशी तिसऱ्या बाकावर होत्या, हात गळ्यात बांधलेला. त्यानंतर चार रविवार त्या उपासनेला आल्या नाहीत. पाचव्या रविवारी आल्या आणि अगदी मागे बसल्या.

२०२४ च्या फेब्रुवारीत धाकट्या भावाकडे न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला जाण्याचा योग आला. तिकडे तेव्हा उन्हाळा असतो. भावाने एक दिवस टाउपो सरोवर दाखवायला नेले. त्या देशातले हे सर्वांत मोठे सरोवर, ६१६ चौरस किलोमीटरचे. फार प्राचीन काळी ज्वालामुखीचा स्फोट होऊन जो खळगा पडला, त्यात हे पाणी साठले आहे. हॅमिल्टनमधून वाहणारी वाइकाटो नदी याच सरोवरातून निघते. तिकडे पुष्कळ साध्या घरांतही छोटी होडी असते. ती पाण्यात ठेवत नाहीत. दोन चाकांच्या ट्रेलरवर चढवून, मोटारीमागे जोडून घरी नेतात. त्यासाठी सरोवराच्या काठी, पाण्याखाली उतरत गेलेला काँक्रीटचा उतार बांधलेला असतो.

आम्ही डबे उघडून बसलो होतो. संध्याकाळचा वारा सुटला होता. तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ एकटेच होडी घेऊन काठाला लागले. गाडी व ट्रेलर मागे आणून पाण्यात उभा केला, आणि होडी त्यावर चढवू लागले. अॅल्युमिनियमची चार मीटर लांबीची होडी, मागे इंजिन. एकूण वजन तीनशे किलोच्या घरात, असे त्यांनी मागाहून सांगितले. गोव्याच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर होडी वर ओढताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे दृश्य बघवत नाही. आपल्याकडे एकाने हाक द्यायची आणि काठावर असेल त्याने, ओळख असो वा नसो, खांदा लावायचा. म्हातारा माणूस एकटाच झटतो आहे आणि आपण पोळीभाजी खात बसलो आहोत! आम्ही उठलो, बुटांसकट पाण्यात शिरलो आणि होडीच्या कडेला धरून जोरात रेटा दिला.

होडी तिरपी झाली. तिची नाळ पहिल्या रुळावरून घसरली, वाऱ्याने मागची बाजू आणखी वळवली, आणि त्या गृहस्थांच्या हातातला दोर सुटला. होडी कडेच्या लाकडी धक्क्यावर आदळली. मोठे नुकसान झाले नाही, पण पत्र्याला पोचा आला. आमचा भाऊ काठावरून हाका मारत होता त्या आम्हाला ऐकूच आल्या नव्हत्या.

ते गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी दोर पुन्हा मिळवला, होडी शांतपणे मागे घेतली आणि मागच्या दोराचे टोक आमच्या हातात दिले. म्हणाले, "आपली फार कृपा झाली. आता इथे उभे राहा, हा दोर सैल धरा, आणि मी सांगेपर्यंत काही करू नका."

काही न करता दोर धरून उभे राहणे हे काम दिसते तितके सोपे नाही. हात शिवशिवतात. परंतु तसे उभे राहिल्यामुळेच ते काय करत होते हे आम्हाला प्रथम दिसले. ट्रेलर त्यांनी मुद्दाम फार खोल नेला नव्हता. फार खोल गेला तर होडी त्यावर तरंगतच राहते आणि वाकडी बसते. फार उथळ ठेवला तर सगळे वजन अंगावर येते. ट्रेलरच्या मागच्या टोकाला दोन उभे नळ लावले होते, त्यांच्यामधून होडी आपोआप मधोमध येते. तळाचा कणा रबरी रुळांवर टेकला की पुढच्या खांबावरच्या विंचचा पट्टा नाळेच्या कडीत अडकवायचा आणि दांडा फिरवायचा. दात्यांच्या चाकावर खिटी पडते, त्यामुळे दांडा सोडला तरी होडी मागे जात नाही. थोडे फिरवायचे, थांबायचे, मागे बघायचे, मागचा दोर हलका ओढून होडी सरळ करायची, पुन्हा फिरवायचे. उतार आठास एक धरला तर तीनशे किलोची होडी वर यायला चाळीसेक किलोचा जोर पुरतो, घर्षण वेगळे. विंचच्या दात्यांतून तो हातापर्यंत येतो तेव्हा जेमतेम काही किलोंचा उरतो. शिवाय निम्मी होडी अजून पाण्यावर असते, तेवढे वजन पाणीच उचलत असते. आम्हाला जे झटणे वाटले ते झटणे नव्हतेच. पाण्याला, उताराला आणि दात्यांना आपापले काम करू देण्याचा तो धीर होता, आणि आम्ही तोच मोडला होता.

नंतर ते आमच्याजवळ येऊन बसले. भावाच्या बायकोने दिलेला चहा घेतला. त्यांनी सांगितले की पूर्वी तो मागचा दोर त्यांची पत्नी धरत असे. ती गेल्यावर दोन वर्षे होडी अंगणातच पडून होती. मग त्यांनी ते दोन उभे नळ बसवले, दोर लांब केला आणि वारा नसलेल्या दिवशी, कोणी नसताना, पुन्हा पुन्हा सराव केला. आम्ही विचारले, "कोणी मदतीला आलेले आवडत नाही का?" ते हसले. म्हणाले, "विचारून आलेले आवडते." मग थोड्या वेळाने म्हणाले की शेजारच्या तरुणाला त्यांनी सांगून ठेवले आहे: ज्या दिवशी पट्ट्याचा आकडा दोनदा प्रयत्न करूनही कडीत बसणार नाही, त्या दिवसापासून तू येत जा. आणि पाण्यावर जाताना परतण्याची वेळ ते रोज त्याच तरुणाला कळवून जातात.

हॅमिल्टनला परतताना गाडीत आमच्या मनात मार्काचा दुसरा अध्याय घोळत होता. चौघांनी उचलून आणलेला पक्षाघाती आपणा सर्वांना माहीत आहे. छप्पर उसकटून त्याला खाली सोडणाऱ्या त्या चार मित्रांवर आम्ही किती उपदेश केले असतील याची गणती नाही. दर वेळी आम्ही छपरापाशीच थांबलो. पुढे प्रभूने त्याला काय सांगितले? उठायला सांगितले, आणि आपली बाज स्वतः उचलून घरी जायला सांगितले. ते चौघे तेव्हा तिथेच कुठेतरी असणार. बाज त्यांच्या सवयीची होती. त्यांनी धावून ती उचलली असती तर त्यात प्रेमच दिसले असते. परंतु मार्क तसे काही सांगत नाही. जो माणूस चौघांच्या हातांवर आत आला, तो बाज घेऊन सगळ्यांदेखत आपल्या पायांनी बाहेर गेला. सकाळी जे बारोस होते ते दुपारी फोर्टियोन झाले होते, आणि ते ओळखून हात मागे घेणे हीसुद्धा त्या मित्रांची सेवाच होती, असे आम्हाला आता वाटते.

कोणी म्हणेल, हे तर एकलकोंडेपणाचे समर्थन झाले. तसे नाही. १९८६ साली दुष्काळाने गालील समुद्राचे पाणी ओसरले तेव्हा गिनोसारजवळच्या चिखलात येशूच्या काळाच्या सुमाराची एक होडी सापडली. आठ मीटरांहून लांब, सव्वादोन मीटरांहून रुंद. तसला मचवा एकट्या शिमोनाने काठावर ओढणे शक्य नव्हते. लूकच्या पाचव्या अध्यायात जाळी फाटू लागली तेव्हा त्याने आणि सोबत्यांनी दुसऱ्या मचव्यातल्या भागीदारांना खुणावले. त्यांनी खुणावले आणि ते आले. खुणावण्याची लाज वाटून मचवा बुडू देणारी माणसेही आपल्या मंडळ्यांत असतात. शब्बाथशाळेचा सगळा कारभार वर्षानुवर्षे एकट्याने सांभाळणारे एक वडीलधारे आम्ही पाहिले आहेत. वह्या, किल्ल्या, नाताळच्या नाटकाचे कपडे, सगळे त्यांच्याच घरी. कोणाला काही शिकवले नाही. ते गेले आणि वर्ग दोन वर्षे बंद पडला. टाउपोचे ते गृहस्थ तसे नव्हते. आपला हात कुठवर पुरेल हे त्यांनी आधीच पाहून ठेवले होते, आणि पुढे कोणाला हाक मारायची हेही.

पण ज्याने अजून हाक मारलेली नाही त्याच्या बाबतीत आम्ही काय करावे? बार्तीमय आंधळा होता हे यरीहोच्या रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसत होते. प्रभूलाही दिसत होते. तरी त्याने आधी त्याला विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे. हा प्रश्न आम्हाला पूर्वी अनावश्यक वाटे.

परत आल्यावर आम्ही मावशींकडे गेलो. हात बरा झाला होता, पण मुठीत पूर्वीचा जोर नव्हता. बायबल अभ्यासात जे बोललो त्याची क्षमा मागितली. मावशी काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, पेत्राने शेवटी पाय धुऊन घेतले ते खरंच आहे. पण तो हात आणि डोकंही पुढे करायला लागला, तेव्हा प्रभूने ते धुतले का? नाही. जेवढं मळलं होतं तेवढंच धुतलं. हे तू त्या दिवशी सांगितलं नाहीस."

आम्हाला उत्तर सुचले नाही. इतकी वर्षे तो अध्याय शिकवून ही गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती. आम्ही विचारले, "मावशी, मग मी काय करू?"

"स्वयंपाक मला एका हातानेही जमतो. कणीक मळायला वेळ लागतो इतकंच, आणि वेळ माझ्याकडे आहे. तुम्ही डबे पाठवलेत तेव्हा मला सकाळी उठून करायला कामच उरलं नाही. त्या दोन दिवसांत मी जितकी रडले तितकी हात मोडला तेव्हाही रडले नव्हते." मग त्यांनी दाराकडे बोट केले. "तो सिलिंडर मात्र उंबऱ्यावरून आत येत नाही. कडेवर फिरवत दारापर्यंत आणते. पुढे उचलायला हवा."

भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असतो. कालपासून तो दारातच उभा होता. आम्ही तो उचलून स्वयंपाकघरात नेला आणि सवयीने रेग्युलेटर लावायला वाकलो.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "ते माझं मी करते."

आम्ही बाजूला झालो. त्यांनी ओट्याला टेकून रेग्युलेटर बसवला. पहिल्यांदा बसला नाही, दुसऱ्यांदा बसला. शेगडी पेटवून त्यांनी चहाचे आधण ठेवले. डब्यांच्या पाळ्यांचा जुना कागद आता बदलला आहे. मावशींच्या नावापुढे महिन्यातून एकदा सिलिंडर एवढेच लिहिले आहे, आणि त्यापुढे दोन तरुणांची नावे. ती नावे मावशींनीच सुचवली आहेत.