तारण

गेल्या आठवड्यात करोल बागेत गेले होते. आईची मोडकी कर्णफुलं गाळून घ्यायची होती. तिथे गलाईचं काम करणारे बरेचजण आपल्या सांगलीकडचे, खानापूर-आटपाडीचे. दिल्लीच्या त्या कलकलाटात कुणी “बसा की” म्हटलं, की मला उगीचच माहेरी आल्यासारखं वाटतं.

शेजारच्या सराफाकडे एक बाई गहाण टाकलेल्या पाटल्या सोडवायला आली होती. बरोबर भाऊ. नोटा त्यानेच मोजल्या, दोनदा. सराफाने वहीतल्या नोंदीवर आडवी रेघ ओढली आणि पाटल्या समोर ठेवल्या. बाईने त्या तिथेच हातात चढवल्या, मनगट जरा फिरवून पाहिलं. तेवढ्यात भाऊ म्हणाला, “याद रखना, किसने छुड़वाए हैं.” तिचा चेहरा असा उतरला म्हणता! पाटल्या सुटल्या आणि बाई गहाण पडली.

रागच आला मला त्या माणसाचा. परतताना रिक्षावाल्याने लांबचा रस्ता धरला, तो राग वेगळा. पण त्यामुळे राष्ट्रपती भवनाजवळचं ते शांत, दगडी चर्च दिसलं. वास्तुविशारद हेन्री मेड यांच्या आराखड्यानुसार बांधलेलं. नाव कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन. रिडेम्प्शन म्हणजे आपल्या साध्या मराठीत सोडवणूक. गहाण वस्तू सोडवतात तीच.

मराठीची गंमत बघा. बँकेच्या पाटीवर ‘सोनेतारण कर्ज’ असतं आणि आपला मराठी ख्रिस्ती माणूस येशूला ‘तारणारा’ म्हणतो. दोन्हीकडे तारण. फक्त त्या दुसऱ्या व्यवहारात मोजलेली किंमत म्हणजे एका माणसाचा जीव. संत पौल कलस्सैकरांना लिहितो, की आपल्याविरुद्धचं ऋणपत्र देवाने खोडलं आणि वधस्तंभाला खिळून टाकलं. म्हणजे सराफाची ती आडवी रेघच. कागद कुणाच्या खिशात उरला नाही.

आता कुणी म्हणेल, आठवण ठेवा असं येशूही म्हणालाच होता. हो, म्हणाला. पण कधी? शेवटच्या भोजनाच्या वेळी, भाकर मोडून दुसऱ्यांच्या हातात देताना. आणि पौलाने गलतीकरांना या सोडवणुकीतून मिळालेल्या स्वातंत्र्याचा उपयोग काय सांगितला, तर प्रेमाने एकमेकांची सेवा करा. सेवा. वसुलीचं नाव त्यात कुठे नाही.

हे सगळं मी रिक्षात बसून त्या भावाला मनातल्या मनात ऐकवत होते. मग भाचा आठवला. त्याच्या कॉलेजची एका वर्षाची फी मी भरली होती. गेल्या दिवाळीत, भरल्या पंगतीत, मी ते पुन्हा एकदा बोलून दाखवलं. तो खाली मान घालून जेवत राहिला.

त्या फीची पावती अजून माझ्या कपाटात आहे. घरी गेले की आधी ती शोधते.