पावसाळ्याची बेगमी

बर्फाने दार अडवून धरणारा हिवाळा कोल्हापूरला ठाऊक नाही. इथे दार अडवतो तो पाऊस. शहरात वर्षाला हजारेक मिलिमीटर पडतो. जिल्ह्यातल्याच गगनबावड्यात त्याच्या पाचपटीच्या आगेमागे. तिकडच्या वाड्या-वस्त्यांना जून ते सप्टेंबर घर आणि शेत यापलीकडे फारसं जग उरत नसे.

म्हणून सगळी धांदल मे महिन्यात. शेणी रचायच्या, जळण माळ्यावर चढवायचं, भात-नाचणी कणगीत, वर्षाची चटणी कुटून बरणीत. एवढं करूनही आषाढात मिठाला पाणी सुटायचं, काडेपेटी सर्दायची, म्हणून दोन्हींची जागा चुलीलगतच्या कोनाड्यात. कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळायचे आणि त्यांचा धुरकट वास दिवाळीपर्यंत जात नसे.

या बेगमीचे गोडवे गाणं मला पटत नाही. तिच्यात बायकांची कंबर मोडायची आणि कोणी आजारी पडलं तर साठवलेलं धान्य काही कामाचं नसायचं. हिमाचलातल्या लाहौलच्या लोकांनी 2020 मध्ये अटल बोगद्याचं स्वागत केलं ते याच कारणाने. रोहतांग खिंड बर्फाखाली गेली की निम्मं वर्ष वाट बंद, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं होतं. रस्ता हवाच.

पण बेगमी करणाऱ्या त्या घराला एक गोष्ट नेमकी माहीत असे: आपल्याला चार महिने किती लागतं. हा हिशेब आपण सोडून दिला. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि दूध, भाजी, पेट्रोल, गॅस यांची चणचण सुरू झाली. उपसा केंद्रं बुडाल्यामुळे चहूकडे पाणी असलेल्या शहरात लोक घागरी घेऊन टँकरची वाट पाहत उभे होते. जुलै 2021 मध्ये नदी पुन्हा 55 फुटांपलीकडे गेली.

माळ्यावरचं जळण आता घराघरांत परत येणार नाही, यायलाही नको. पण बायकांनी वाहिलेलं ते ओझं आता शहराने उचलायला हवं. पाणी उपसणाऱ्या मोटारी 2021 च्या पूररेषेच्या वर बसल्या का, आपल्या प्रभागात पिण्याचं पाणी किती दिवस पुरेल, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी कोणाकडे आहे, हे नगरसेवकाला मे महिन्यातच विचारायचं.