पोथी, साक्ष आणि अधिकार

शास्त्र कोणास सांगावे आणि कोणास सांगू नये, हा प्रश्न आपल्या पंथाइतकाच जुना आहे. ऐकणाऱ्याची योग्यता, त्याची आर्ती आणि त्याची वेळ पाहून निरूपण करावे, ही रीत लीळांच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. परंतु ज्या काळात सांगणारा समोर असे आणि ऐकणाराही समोर असे, त्या काळातील ही रीत आहे. आज सांगणारा समोर नाही, गुरू नाही, मठ नाही, आणि तरी ग्रंथ मात्र वाचकाच्या हाती येऊन पडला आहे, अशी एक वेगळीच स्थिती निर्माण झाली आहे. या स्थितीत अधिकाराचा विचार कसा करावा, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विचारास निमित्त घडले ते कोकणात. अष्टमी हे गाव कुंडलिका नदीच्या काठी, रोह्याच्या समोर वसलेले आहे. आपली महास्थाने घाटावर, मराठवाड्यात व वऱ्हाडात. रिद्धपूर, पैठण, डोमेग्राम, फलटण ही नावे घेतली की सह्याद्री ओलांडावाच लागतो. या पट्ट्यात राहणाऱ्या वासनिकाला पोथी पाहावयाची म्हटली तरी प्रवास करावा लागे. अशा ठिकाणी एका तरुण वासनिकाने मोबाईलवर 'चक्रधर' एवढा एकच शब्द घालून निघालेली यादी मला दाखविली आणि विचारले, "बाबा, यातले काय वाचू आणि काय नको? आणि मुळात हे वाचण्याचा मला अधिकार आहे का?" प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर मात्र वाटले तितके सरळ नाही.

त्या यादीसारख्या याद्यांत काय काय असते, हे आपल्या साधुमंडळींपैकी अनेकांनी पाहिले नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट या केंद्राने 'शोधगंगा' नावाचे प्रबंधांचे भांडार उभे केले आहे. भारतातील विद्यापीठांत पीएच. डी. साठी लिहिलेले लक्षावधी प्रबंध त्यात आहेत आणि महानुभाव वाङ्मयावरचेही त्यात सापडतात. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील रेसाईड यांनी १९६० साली महानुभावीय मराठी ग्रंथांची जी सूची प्रसिद्ध केली, ती आता घरबसल्या पाहता येते. डॉ. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ साली ग्रंथरूपाने निघाला. शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात त्यातील शब्द आज कोणासही शोधता येतो. अमेरिकेतील 'इंटरनेट अर्काइव्ह' ही संस्था १९९६ साली स्थापन झाली. तिच्या भांडारात जुन्या मराठी छापील पुस्तकांच्या छायाप्रती मोठ्या संख्येने आहेत. १८८३ साली निघालेले कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअरही अशा भांडारांत मिळते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने आपली कागदपत्रे 'अभिलेख पटल' या स्थळावर ठेवण्यास आरंभ केला आहे, आणि २००३ पासून राष्ट्रीय पांडुलिपी अभियानाने देशभरातील हस्तलिखितांच्या नोंदी घेतल्या. प्रबंध, कोश, सरकारी दप्तर, मिशनऱ्यांची टिपणे, पोथीची छायाचित्रे, असे सर्व एका यादीत एकापुढे एक येते. यंत्राच्या लेखी या सर्वांची योग्यता सारखीच.

येथे पहिली शंका अशी संभवते की, ज्या पूर्वजांनी ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवले, त्यांच्या मनाविरुद्ध हे सर्व चालले आहे. सकळ, सुंदरी, अंक, वज्र इत्यादी लिपी निर्माण झाल्या त्या ग्रंथ झाकण्यासाठीच. मग ते उघडे करणे हा आज्ञाभंग नव्हे काय?

या शंकेचे समाधान इतिहासात आहे. यादवसत्तेच्या ऱ्हासकाळातील धाडींत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. त्यानंतर ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्याकडून तो पुन्हा लिहून घेण्यात आला. एकदा सर्वस्व गमावलेल्या समाजाने पुढे ग्रंथरक्षणाचे जे उपाय केले, त्यांपैकी लिपी हा एक. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी योजिली, ती या पार्श्वभूमीवर. भोवतालचा समाज अनुकूल नव्हता, राज्यही अनुकूल नव्हते, आणि चुकीच्या हाती गेलेला ग्रंथ विटंबनेस पात्र होईल हे भय खरे होते. तेव्हा लिपीने अक्षराचे रक्षण केले. अधिकाराचे रक्षण मात्र लिपीने कधीच केले नाही. ते गुरूने केले. सकळ लिपी शिकलेला प्रत्येक जण ब्रह्मविद्येचा अधिकारी झाला, असे आपण कधी मानले आहे काय? नाही. मग लिपी उलगडल्याने अधिकार वाटला गेला, असेही मानण्याचे कारण नाही.

उलट त्या झाकण्याची किंमतही आपणच मोजली आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य राजवाडे आणि ठाण्याचे वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी या लिपी बाहेरच्या अभ्यासकांना वाचता येऊ लागल्या. त्यापूर्वी शतकानुशतके महाराष्ट्रातील सुशिक्षितांना आपले ग्रंथ म्हणजे काय याची कल्पना नव्हती. जेथे ग्रंथ वाचता येत नाही तेथे ऐकीव गोष्टी बोलू लागतात. 'मानभावी' हा शब्द मराठीत आजही ढोंगी या अर्थाने सर्रास वापरला जातो. महानुभाव या नावाचा हा अपभ्रंश शिवीसारखा कसा झाला, याचे सर्व उत्तर आपल्या मौनात नाही हे खरे, पण थोडे आहे. आपले ग्रंथ वाचणाऱ्याला तो शब्द तसा वापरणे जड गेले असते.

तेव्हा प्रश्न उघडे करावे की झाकावे हा नाही. तो कालबाह्य झाला आहे. पोथी उघडी होताना तिच्याबरोबर काय उघडे झाले पाहिजे, हा खरा प्रश्न आहे, आणि येथे आपणास म्हाइंभटांकडे जावे लागते.

सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या, त्या ऐकीव म्हणून नव्हे. जो त्या प्रसंगी सन्निधानी होता त्याला त्यांनी विचारले, भटोबासांच्या सहवासात त्या पडताळल्या आणि मग लिहिल्या. पुढे मूळ प्रत गेल्यावर ज्यांनी ग्रंथ पुन्हा उभा केला, त्यांनी तर याहून मोठी गोष्ट केली. हिराइसांचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा शोध, असे भेद त्यांनी लपविले नाहीत. एका लीळेविषयी दोन आठवणी असतील तर दोन्ही ठेवल्या आणि कोणाची कोणती ते सांगितले. सर्व पाठ गाळून एक सोयीचा पाठ करणे त्यांना सहज शक्य होते. तसे त्यांनी केले नाही, कारण परमेश्वराच्या क्रीडेविषयी आपल्या पदरचे एक अक्षरही घालण्याचे त्यांना भय वाटत होते. पाश्चात्त्य विद्यापीठांत पाठचिकित्सा हे शास्त्र म्हणून पुढे आले, त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे ती धर्माचरण म्हणून चालू होती. (हे अभिमानाने सांगावे, पण व्याख्यानात टाळी घेण्यापुरतेच नव्हे.)

साक्षीविना अक्षर म्हणजे काय होते, ते आजच्या भांडारांत पाहावे. एखाद्या पोथीची छायाप्रत असते, पण तिचे पहिले पत्र नसते आणि शेवटचेही नसते. म्हणजे पुष्पिका गेली. कोणी लिहिली, कोणत्या शकात, कोणत्या गावी, कोणत्या आम्नायाची, हे सर्व गेले. नाव काय, तर ज्याने ती चढविली त्याला जे सुचले ते. एका प्रबंधात दुसऱ्या प्रबंधाचा आधार, दुसऱ्यात तिसऱ्याचा, आणि मूळ सूत्र पाहिलेला कोणीच नाही, असेही आढळते. दृष्टांतपाठातील जात्यंधांचा हस्ती आपणा सर्वांस परिचित आहे. त्या आंधळ्यांनी निदान हत्तीला हात तरी लावला होता. आजच्या वाचकाच्या हाती कित्येकदा दुसऱ्या आंधळ्याने सांगितलेले वर्णनच येते.

याउलट आपल्या मठांतील स्थितीही निर्दोष नाही. पोथीचा रुमाल वर्षानुवर्षे सोडला जात नाही. कोणी अभ्यासक आला की नकार मिळतो. दमट हवेत पत्रे एकमेकांस चिकटतात, वाळवी लागते, कसर लागते. कोकणातल्या पावसाळ्यात जुन्या कागदाची काय अवस्था होते ते तेथील घरांतून पाहावे. अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये म्हणून जपलेला ग्रंथ अखेर वाळवीच्या हाती पडला, तर वाळवीचा अधिकार आपण कोणत्या सूत्राने सिद्ध करणार? पूर्वजांनी पंजाबात आणि पुढे पेशावर-काबूलपर्यंत मराठी पोथ्या नेल्या आणि तेथे त्यांच्या नकला केल्या. एका ठिकाणी संकट आले तर दुसऱ्या ठिकाणी ग्रंथ वाचावा, याहून चांगला रक्षणोपाय त्या काळी नव्हता. छायाप्रत अनेक ठिकाणी असणे हे त्याच नकलेचे आजचे रूप आहे.

पण विटंबनेचे काय, असे काही महंत विचारतात, आणि तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. डॉ. वि. भि. कोलते यांची लीळाचरित्राची आवृत्ती १९७८ साली शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यातील काही लीळांवरून पंथात मोठा क्षोभ झाला. कोलत्यांनी आपल्या वाङ्मयासाठी आयुष्य वेचले हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल, आणि ज्यांची श्रद्धा दुखावली त्यांचे दुःख खोटे होते असे म्हणणेही अन्यायाचे होईल. माझे मत असे की, सदोष वाटणाऱ्या पाठाला उत्तर द्यावयाचे तर ते दुसऱ्या पाठानेच द्यावे लागते. त्यासाठी तो दुसरा पाठ, त्याच्या परंपरेसह, लोकांसमोर असावा लागतो. तो आपल्या पेटीत असेल तर आपले म्हणणे कितीही खरे असले तरी त्याला साक्षीदार नाही.

त्या तरुणाला मी जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो. अक्षर वाचण्यास तुला कोणाची आडकाठी नाही. आधी पाहा की हे कोणाचे म्हणणे आहे, त्याने मूळ पाहिले होते काय, आणि कोणत्या पोथीवरून. कोश जवळ ठेव. सूत्राचा अर्थ मात्र एकट्याने लावून मोकळा होऊ नकोस. सूत्राला प्रकरण असते, प्रकरणाला लीळा असते आणि लीळेला अधिकरण असते. हे ज्याने गुरुमुखातून ऐकले आहे त्याला विचार, मग त्यासाठी घाट चढावा लागला तरी चढ. अधिकार यंत्रावर उतरवून घेता येत नाही. तो आचरणाने येतो, आणि आचरणाची छायाप्रत निघत नाही. यावर त्याने विचारले, "मग प्रबंध वाचूच नये का?" जरूर वाचावा. परक्याच्या दृष्टीने आपला ग्रंथ कसा दिसतो हे कळणे साधकाला अपायकारक नाही. फेल्डहाउस यांनी सूत्रपाठावर १९८३ साली इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला, त्यातील शिस्त आपल्या कित्येक निबंधांत आढळत नाही.

आता मठाधिपतींसाठी एक व्यावहारिक गोष्ट. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. यामुळे पोथ्यांची छायाचित्रे घेण्यास माणसे येतील, साधनेही येतील. तेव्हा पोथी देताना तिच्यासोबत एक लेखी कागद द्यावा. पोथी कोणत्या मठाची, कोणत्या आम्नायाची, कोणाकडून आली, पुष्पिकेत काय आहे, कोणती पत्रे गहाळ आहेत आणि पाठ कोणाचा, हे त्यात लिहावे. जे निश्चित ठाऊक नाही तेथे तसे नमूद करावे. ज्या पोथ्या केवळ दीक्षितांसाठी आहेत असे परंपरेने ठरले असेल, त्यांच्याविषयी निर्णय मठाने करावा, पण त्यांची नावे तरी सूचीत यावीत, म्हणजे त्या आहेत हे पुढच्या पिढीला कळेल.

आणि सकळ लिपीतील पोथ्यांबाबत केवळ छायाचित्रावर विसंबू नये. तिच्यात अक्षरांची अदलाबदल असते. संकेत ठाऊक नसलेला सूचीकार तिची नोंद 'लिपी अज्ञात' अशी करून मोकळा होईल, आणि नागरी वाचावयास शिकविलेले यंत्र तिच्यातून निरर्थक शब्दांची रांग काढील. आपल्यातील जे वृद्ध साधू ही लिपी देवनागरीइतक्या सहजतेने वाचतात, त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे. पोथीचे चित्र घेणाऱ्याने त्यांच्या शेजारी बसून, पान उलटताना होणारे त्यांचे वाचन त्यांच्याच आवाजात नोंदवून घ्यावे, आणि ते त्या चित्रासोबत वाचकाच्या नावानिशी ठेवावे.