कागदावरचा खरेपणा

१९८८ साली मायक्रोप्रोज या अमेरिकी कंपनीचा ‘एफ-१९ स्टेल्थ फायटर’ हा गेम दुकानांत आला. त्यातलं लढाऊ विमान काळं, गुळगुळीत आणि वळणदार अंगाचं होतं. कंपनीच्या नाममुद्रेतच ‘सिम्युलेशन सॉफ्टवेअर’ असे शब्द होते. आतला माल निव्वळ करमणुकीचा नाही, खऱ्या गोष्टीची हुबेहूब नक्कल आहे, असा त्याचा अर्थ. अडचण एवढीच, की ज्या विमानाची नक्कल करायची ते तसं जगात कुठंच नव्हतं. रडारला न दिसणारं काहीतरी अमेरिकी हवाई दल गुपचूप उडवतंय, अशी कुजबुज बरीच वर्षं चालू होती. त्या कुजबुजीवरून टेस्टर्स नावाच्या कंपनीनं १९८६ साली प्लॅस्टिकचं जोडायचं मॉडेलही विकायला काढलं होतं, आणि त्याचा आकार असाच वळणदार होता. नोव्हेंबर १९८८मध्ये अमेरिकी सरकारनं खऱ्या विमानाचं एक अस्पष्ट छायाचित्र जाहीर केलं. नाव निघालं एफ-११७, आणि अंग निघालं सपाट पत्रे कोनांत जोडल्यासारखं.

मायक्रोप्रोजनं १९९१ साली गेमची नवी आवृत्ती काढली तेव्हा नाव बदललं, आणि खेळणाऱ्याला निवड दिली: लॉकहीड कंपनीनं बनवलेलं खरं विमान घ्या, किंवा मायक्रोप्रोजचं घ्या. दुसऱ्यात शस्त्रं ठेवायला जागा जास्त होती. वस्तुस्थिती आणि आपली कल्पना अशी शेजारी शेजारी मांडून ठेवण्यात एक प्रांजळपणा आहे, आणि तो त्या काळातल्या सिम्युलेशन गेम्सच्या स्वभावातच होता असं मला वाटतं. खरेपणाचा दावा तेव्हा कागदावर लिहून केला जायचा, खोक्याच्या वेष्टनावर आणि आतल्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर. दावा लिहिलेला असला की तो तपासता येतो. पुढं पडदे खरे दिसू लागले आणि कागद हळूहळू गेला. दावा मात्र होता तिथंच राहिला. तो कोण करतंय आणि कशाच्या जोरावर करतंय, हे सांगणारी जागा तेवढी नाहीशी झाली.

त्या यंत्रांची ऐपत आधी लक्षात घ्यायला हवी. कमोडोर ६४चा पडदा फार तर ३२० बाय २०० ठिपक्यांचा. आयबीएम पीसीच्या सीजीए कार्डावर तेवढ्याच ठिपक्यांत एका वेळी चार रंग. ब्रिटनमधल्या शाळाशाळांत पोचलेल्या बीबीसी मायक्रोची सगळी मेमरी ३२ किलोबाइट. एवढ्यात क्षितिज म्हणजे एक आडवी रेघ, डोंगर म्हणजे त्रिकोण आणि शत्रूचं विमान म्हणजे चार-सहा रेषा. दशावतारातला राजा रंगमंचावर एक फेरी मारतो आणि दुसऱ्या राज्यात पोचतो. प्रेक्षक फसत नाही, तो त्या प्रवासात सामील होतो. या खेळांचंही तसंच होतं. फेरी पडद्यावर व्हायची, आणि राज्य कुठलं ते कागद सांगायचा.

या कागदातही दोन वेगवेगळी कामं होती. खोक्याचं वेष्टन विकायचं काम करी. दुकानाच्या फळीवर ते चार हातांवरून दिसायला हवं, म्हणून खोकी गरजेपेक्षा मोठी असत आणि चित्रं भडक. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं १९८३मध्ये सुरुवात केली ती गाण्यांच्या रेकॉर्डसारख्या चपट्या पाकिटांनी, गेम बनवणाऱ्यांना कलावंत म्हणून पुढं करत. परग्रहावरच्या वसाहतीचं अर्थकारण चालवायला लावणारा ‘एम.यू.एल.ई.’ अशाच पाकिटातून आला. त्याच कंपनीच्या १९८७च्या विमानगेमच्या खोक्यावर थेट चक येगर होते, १९४७ साली ध्वनीचा वेग पहिल्यांदा ओलांडणारे वैमानिक. गेममधली विमानं खरी वाटोत न वाटोत, येगर खरे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यानं आतल्या रेषांना जामीन दिला होता.

पुस्तिकेचं मुखपृष्ठ फळीवर दिसत नाही. खोकं विकत घेऊन घरी उघडल्यावरच ते हाती येतं, म्हणजे विकायची जबाबदारी त्याच्यावर नाही. म्हणूनच त्याचा सूर वेगळा लागतो. १९८४ साली एकॉर्नसॉफ्टनं काढलेला ‘एलिट’ पाहा. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन तरुणांनी अंतराळातला व्यापार आणि चकमकी बीबीसी मायक्रोच्या त्या तुटपुंज्या मेमरीत बसवल्या होत्या. खोक्यावर स्फोट नाहीत, झुंजणारी यानं नाहीत. पंख पसरलेलं एक धातूचं पदकचिन्ह आहे. आत ‘स्पेस ट्रेडर्स फ्लाइट ट्रेनिंग मॅन्युअल’ नावाची पुस्तिका. ती वाचकाला गेमचं गिऱ्हाईक मानतच नाही. त्यानं ‘कोब्रा’ जातीचं यान नुकतंच घेतलंय आणि आता ते नीट चालवायला शिकायचंय, असं धरून ती बोलते. सोबत रॉबर्ट होल्डस्टॉकची ‘द डार्क व्हील’ ही छोटी कादंबरी, यानं ओळखण्याचा तक्ता, आणि कीबोर्डच्या वरच्या बटनांशी ठेवायची एक पट्टी. पडद्यावर पोकळ तारांचे सांगाडे फिरत. त्यांना नाव, इतिहास आणि वजन या कागदांनी दिलं.

ही तऱ्हा इतरांकडेही होती, आणि ती पुढं रुळली. सबलॉजिकच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २’सोबत शिकागो, न्यूयॉर्क-बॉस्टन, लॉस एंजेलिस आणि सिअॅटल या चार प्रदेशांचे नकाशे येत, विमानतळांसकट. १९९०च्या ‘विंग कमांडर’ची पुस्तिका एका युद्धनौकेचं अंतर्गत नियतकालिक म्हणून छापली होती, नाव ‘क्लॉ मार्क्स’. १९९८च्या ‘फाल्कन ४.०’ची जवळपास सहाशे पानांची पुस्तिका खटके लावलेल्या फाइलमध्ये येई. फाइल घरच्या कपाटात ठेवली की ती खेळण्याशेजारी शोभत नाही, कार्यालयीन दप्तराशेजारी शोभते. मुखपृष्ठ करणाऱ्यांना हेच हवं होतं. खोक्यावरचं चित्र ‘तू कोण होशील’ एवढं सांगे. पुस्तिकेचं मुखपृष्ठ ‘रुजू हो’ म्हणे. या दोहोंत मला दुसरं जास्त कसबाचं वाटतं, कारण मोह दाखवण्यापेक्षा जबाबदारी हवीहवीशी करणं अवघड असतं.

यात व्यवहाराचा भाग नव्हता असं कुणी म्हणू नये. जाडजूड पुस्तिका हे चोरीविरुद्धचं कुलूपही होतं. फ्लॉपीची नक्कल मिनिटभरात होई, दोनशे पानांची होत नसे. म्हणून गेम सुरू होताना प्रश्न विचारी आणि उत्तर कागदात असे. पण इथंही फरक होता. ‘एफ-१९’ एका विमानाचं चित्र दाखवून ते कोणतं म्हणून विचारे. उत्तरासाठी पुस्तिकेतले विमानांचे आकार पाहावे लागत. खऱ्या वैमानिकालाही हीच ओळख पाठ करावी लागते. पहाऱ्याचंच त्यांनी प्रशिक्षण करून टाकलं होतं. उलट ‘सिमसिटी’सोबत गडद लाल कागदावर काळ्या अक्षरांत छापलेला एक ताव येई. झेरॉक्स काढली की सगळं काळं उतरावं, एवढाच त्याचा हेतू. तो कागद डोळ्यांना त्रास देई आणि खेळात काहीच भर घालत नसे. कागद असला की झालं असं नाही; त्याच्याकडून काय काम करून घ्यायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं.

‘सिमसिटी’ची पुस्तिका मात्र त्या लाल तावाची पुरेपूर भरपाई करते. विल राइट यांचा हा गेम मॅक्सिसनं १९८९मध्ये काढला. शहर वसवायचं, कर लावायचा, वीज-रस्ते पुरवायचे. त्यामागचं गणित अभ्यासक जे फॉरेस्टर यांच्या १९६९च्या ‘अर्बन डायनॅमिक्स’पर्यंत मागं जातं; शहराला परस्परांवर परिणाम करणाऱ्या आकड्यांची यंत्रणा मानणारा तो अभ्यास. पुस्तिकेत खेळायच्या सूचनांबरोबर नगररचनेच्या इतिहासावर एक स्वतंत्र लेख होता आणि पुढं वाचण्यासाठी पुस्तकांची यादी होती. शहराबद्दलचा हा एक विचार आहे, इतरही आहेत, जा आणि वाचा, असं एखादा खेळ आपल्या गिऱ्हाइकाला सांगतो ही साधी गोष्ट नव्हे.

आणि सांगणं गरजेचं होतं. ‘सिमसिटी’त जमिनीचे तुकडे तीन जातींचे: राहायचे, व्यापाराचे, कारखान्यांचे. एका तुकड्यावर दोन गोष्टी चालत नाहीत. अमेरिकेतल्या नगररचनेचा हा नियम खेळात निसर्गनियमासारखा बसलाय. खाली दुकान, वर घर अशा वाड्यांनी भरलेल्या पुण्याच्या पेठा किंवा गिरगावातल्या चाळी त्या नकाशावर उमटूच शकत नाहीत. समाजशास्त्रज्ञ पॉल स्टार यांनी १९९४ साली ‘द अमेरिकन प्रॉस्पेक्ट’मध्ये या प्रकारच्या खेळांवर लिहिताना नेमकं यावर बोट ठेवलं होतं: गृहीतकं आत दडलेली राहतात आणि खेळणारा त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी जुळवून घ्यायला शिकतो. आक्षेप रास्त आहे. गृहीतकं सगळी उघड करणं पुस्तिकेला जमलं नव्हतं, पण गृहीतकं असतात एवढं तरी तिच्यातून कळत होतं.

युद्धाच्या गेम्सनी तेवढंही केलं नाही, हेही नोंदवायला हवं. ‘एफ-१९’च्या मोहिमा लिबिया आणि इराणच्या आखातावर जात, आणि पुस्तिकेचा सरकारी सूर हे प्रदेश म्हणजे निव्वळ कामगिरीची ठिकाणं असल्यासारखा बोलतो. मायक्रोप्रोजचे एक संस्थापक बिल स्टीली स्वतः हवाई दलाच्या राखीव तुकडीतले वैमानिक होते, तेव्हा हा सूर उसना नव्हता. अधिकृत दस्तऐवजाचं रूप घेतलं की मताला वस्तुस्थितीचा वेश मिळतो. तरीही ती पुस्तिका आज हातात घेतली तर शीतयुद्धाच्या अखेरचा अमेरिकी दृष्टिकोन पानापानांवर वाचता येतो. छापलेला पक्षपात निदान पुरावा म्हणून उरतो.

आपल्याकडे या गोष्टीला वेगळं वळण लागलं. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासेसपर्यंत गेम्स पसरले ते मुख्यतः नक्कल केलेल्या फ्लॉप्यांमधून. वर पेनानं लिहिलेलं नाव, खोकं नाही, पुस्तिका नाही, आणि सुरुवातीचा प्रश्नही कुणीतरी आधीच उडवून लावलेला. पोरं बटनं दाबून दाबून खेळ शिकली. त्यात हुशारी होती आणि मजाही होती. पण ज्यांनी ‘सिमसिटी’ असा खेळला, त्यांना शहराचे ते नियम कुणाचे आहेत हे कळायला मार्गच नव्हता. शहर असंच चालतं, एवढंच त्यांच्या हाती आलं. कागदाविना सिम्युलेशन ही अवस्था पाश्चात्त्य गिऱ्हाइकाच्या वाट्याला पुढं आली. आपण तिच्यातच सुरुवात केली.

बाकीच्यांकडेही ती लवकरच आली. २०००च्या सुमाराला मोठी खोकी जाऊन डीव्हीडीच्या आकाराची आली, पुस्तिका पातळ झाल्या. २००३मध्ये गेम इंटरनेटवरून पोचवणारी स्टीम ही सेवा सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत गेमला वस्तू असण्याचीच गरज उरली नाही. २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टनं नवा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ आणला. हौशी लोकांसाठी एरोसॉफ्ट कंपनीनं युरोपात त्याची खोक्यातली आवृत्ती काढली, दहा डीव्हीडींची. पण गेमचा प्राण इंटरनेटवरून येणाऱ्या नकाशांत आणि उपग्रहचित्रांत होता; अख्खी पृथ्वी त्यात होती. काही दिवसांतच खेळणाऱ्यांना मेलबर्नच्या एका बैठ्या वस्तीत ढगांत शिरणारा सुळका दिसला. गेम ज्यावरून माहिती घेई त्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर कुणीतरी दोन मजल्यांच्या जागी २१२ टंकलं होतं, आणि यंत्रानं तेवढे मजले इमानेइतबारे उभे केले होते. लोक हसले, चूक दुरुस्त झाली. ती सापडली कारण ती हास्यास्पद होती. दोनाच्या जागी तीन पडलं असतं तर ते कुणाला दिसलं असतं? पडदा इतका खात्रीनं बोलतो, की तो कुणाच्या सांगण्यावरून बोलतोय हा प्रश्न मनात उठत नाही.

जुन्या खोक्यांना आज संग्राहकांच्या बाजारात भाव आहे, त्यांच्या चित्रांची देखणी पुस्तकं निघतात. त्यात वावगं काही नाही, पण त्या कौतुकात खोकंच सगळा मान घेऊन जातं. खोकं जाहिरात होती, आणि जाहिरातीची आपल्याकडे आजही टंचाई नाही. टंचाई आहे ती पहिल्याच पानावर ‘तू या जागेवर आहेस, हे नियम आम्ही धरलेत, त्यांचा उगम इथं आहे’ असं सांगणाऱ्या पुस्तिकेची. आता सिम्युलेशनं खेळापुरती उरलेली नाहीत. रस्त्यांची आखणी, पुराचे अंदाज, साथीचा प्रसार हे सगळं आधी पडद्यावर चालवून पाहिलं जातं आणि मग त्यावरून निर्णय होतात. अशा प्रत्येक सुबक चित्राला एक मुखपृष्ठ आणि मागं पुस्तकांची यादी असावी, अशी मागणी करणं म्हणजे जुन्याची ओढ नव्हे. एका खेळण्याच्या कंपनीनं १९८९ साली जे केलं, ते महापालिकेकडून मागण्यात संकोच कसला?