गुरुमालिका आणि गुरू

ध्यान शिकवणाऱ्याला आज हमखास विचारतात, तुमचे गुरू कोण, आणि त्यांचे गुरू कोण? बुद्धाने मात्र वारस नेमलाच नव्हता. मज्झिम निकायातल्या गोपकमोग्गल्लान सुत्तात मगधाचा मंत्री वस्सकार बुद्धाचा शिष्य आनंद याला हेच खोदून विचारतो. आनंद सांगतो, कोणाही भिक्खूला नेमलेले नाही. धम्म हाच आमचा आधार.

मग या गुरुमालिका आल्या कुठून? चीनमध्ये त्या पंथापंथांतल्या चढाओढीतून घडल्या. 732 साली शेन्हुई या भिक्षूने भर सभेत सांगितले की, झेनचा आद्य गुरू बोधिधर्म याचा खरा सहावा वारस प्रतिस्पर्धी पंथाचा शेन्शिउ नव्हे, तर माझे गुरू हुइनेंग. पुढे हाच दावा टिकला आणि झेनची नामावळी थेट बुद्धाला जाऊन भिडली. चीनमधल्या तुन्हुआंगच्या गुहेत बंद राहिलेली हस्तलिखिते विसाव्या शतकात वाचली गेली तेव्हा जुन्या याद्या एकमेकींशी जुळेनात. शेन्हुईचे लेखन उजेडात आणणाऱ्या हू शी यांनी 1930 साली हा वाद जगापुढे ठेवला. नामावळी मागाहून जुळवलेली होती, हे आता नाकारता येत नाही.

आपल्या इगतपुरीच्या विपश्यना केंद्रापर्यंत पोचलेली परंपरा ब्रह्मदेशातली. 1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतले, थिबा राजाला पुढे रत्नागिरीत ठेवले, आणि धम्माचा राजाश्रय संपला. लेडी सयाडो या भिक्षूंनी तेव्हा अभिधम्म आणि विपश्यना गृहस्थांसाठी खुली केली. त्यांच्यानंतर सया थेटजी शेतकरी, ऊ बा खिन सरकारी महालेखापाल, सत्यनारायण गोएंका व्यापारी. लेडींच्या मागे ही माळ नावानिशी फार दूर नेता येत नाही. मला त्यात उणेपणा वाटत नाही. मठाबाहेरच्या माणसाला धम्म आचरता येतो, हे या माणसांनी दाखवले. त्यासाठी अडीच हजार वर्षांच्या अखंडतेचा दावा लागतच नाही.

उलट, वारसा निर्विवाद असूनही आचरण ढळू शकते. सान फ्रान्सिस्को झेन सेंटरचे रिचर्ड बेकर यांना केंद्राचे संस्थापक शुनर्यू सुझुकींनी स्वतः 1971 साली वारस नेमले होते. 1983 साली बेकर यांच्या वागण्यावरून आणि खर्चावरून वादळ उठले, शेवटी त्यांना पद सोडावे लागले. शिष्यांनी वर्षानुवर्षे वारशाकडे पाहिले, माणसाकडे पाहायला उशीर केला.

बुद्धाने याची तजवीज केली होती. वीमंसक सुत्तात तो भिक्खूंना खुद्द तथागतालाच, म्हणजे स्वतःलाच, पारखायला सांगतो: डोळ्यांना आणि कानांना त्याच्यात काही मलिन दिसते का? चांगुलपण जुने आहे की कालचे? आणि कीर्ती मिळाल्यावर त्याच्यात काही दोष शिरले का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण काही दोष प्रसिद्धीपूर्वी दिसतच नाहीत.

शिबिराला जरूर जा. पण आचार्यांचे गुरू कोण हे विचारण्याआधी, पैसा, मान आणि शिष्य यांच्याशी ते कसे वागतात ते पाहा. आणि जिथे असे पाहायलाच मनाई असेल, तिथून उठून या.