वळण्याआधी सांगा



आजचं चिंतन गीतेच्या १२व्या अध्यायातल्या १५व्या श्लोकावर. हा भक्तियोगाचा अध्याय. आपल्याला कोणता भक्त आवडतो, हे भगवंत इथे स्वतः सांगतात. या श्लोकातली पहिली खूण अशी: ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, तो मला प्रिय.

‘उद्वेग’ म्हटलं की मला आधी नुसतं डोक्याला ताप होणं, वैतागणं एवढंच वाटायचं. पण त्यातला मूळ धातू ‘विज्’, म्हणजे थरथरणं, भिऊन दचकणं. म्हणजे ज्याच्यामुळे दुसरा माणूस दचकत नाही, तो भक्त. हा अर्थ मला पुस्तकात कळला, पण पटला तो रस्त्यावर. तोच प्रसंग आज सांगतो. चूक माझीच होती.

दोन वर्षांपूर्वीचा कार्तिक महिना. आमच्या जवळच्या विठ्ठल मंदिरात काकड आरती असते. पहाटे पाचची वेळ, कोथरूडमधला रस्ता अगदी मोकळा. गाडीत हरिपाठ लावलेला, मीही सोबत म्हणत होतो. मंदिराच्या गल्लीशी आलो आणि डावीकडे वळलो. इंडिकेटर दिला नाही. पहाटे पाचला कोणाला द्यायचा?

मागून ब्रेकचा आवाज आला आणि धप्पकन काहीतरी पडलं. सायकलवरून पेपर टाकणारे एक काका होते. माझ्या डाव्या बाजूने सरळ चालले होते. मी अचानक आडवा आलो, त्यांनी ब्रेक दाबला, दवाने ओल्या रस्त्यावर सायकल घसरली. गुडघा खरचटला, पेपर रस्ताभर पसरले. नशीब, एवढ्यावरच निभावलं.

मी धावत गेलो, त्यांना उठवलं, पेपर गोळा करायला लागलो. म्हटलं, “काका, सॉरी, खरंच कोणी दिसलं नाही हो.” ते चिडले नाहीत. पँट झटकत म्हणाले, “तुम्हाला मी दिसलो नाही, पण मला तुम्ही दिसत होता ना. वळायचं होतं तर सांगायचं.”

दवाखान्यात चला म्हटलं तर नको म्हणाले, पेपरला उशीर होतोय. गेले. मी मंदिरात पोचलो तेव्हा आरती संपली होती. प्रसाद हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो. तोंडाने नाम चालू होतं आणि त्याच वेळी माझ्यामुळे एक माणूस दचकून पडला होता. मग त्या नामाचं काय झालं?

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. रस्त्यावर कोणी नसेल तर इंडिकेटर द्यायचा का?

आपला हिशोब साधा असतो. इंडिकेटर दुसऱ्यासाठी, दुसरा कोणी नाही, मग द्यायचा कशाला? ऐकायला हे तर्कशुद्ध वाटतं. पण ‘कोणी नाही’ हे ठरवतंय कोण? मीच. आणि कशावरून? तीन आरशांत मला जेवढं दिसतं त्यावरून. आरशात न दिसणारी जागा प्रत्येक गाडीला असते, आणि तिथेही कोणी असू शकतं. जो मला दिसतोय त्याला मी एरवीही सांभाळून घेतोच. खरी गरज असते ती मला न दिसलेल्या माणसाला. म्हणजे ‘कोणी दिसत नाही’ हे इंडिकेटर न देण्याचं कारण असूच शकत नाही. उलट देण्याचं सगळ्यात भक्कम कारण तेच आहे.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात हे रोज दिसतं. एखादी एपीआय बदलायची असेल तर आधी नोटीस द्यावी लागते. ती कोण कोण वापरतंय याची पूर्ण यादी आपल्याकडे कधीच नसते. “कोणी वापरत नसेल” म्हणून गुपचूप बदल केला की रात्री दोनला कोणाचा तरी फोन येतो. तिथे आम्ही हे मुकाट्याने पाळतो. रस्त्यावर मात्र तोच इंजिनियर बोटभर अंतरावरची दांडी खाली करायला कंटाळतो.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२१ प्रमाणे ठरलेल्या प्रसंगी इशारा देणं चालकावर बंधनकारक आहे. दिवे नव्हते तेव्हाही इशारा होताच. उजवा हात सरळ बाहेर म्हणजे उजवीकडे, उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की डावीकडे. माझ्या लहानपणी बाबांच्या चेतकवर मागे बसलो की हात दाखवायची ड्यूटी माझी. बाबा ओरडायचे, “हात दाखव रे!” आणि मी छाती फुगवून हात लांब करायचो. मागचा ट्रकसुद्धा थांबायचा. कोणीतरी आपलं ऐकतंय याचं केवढं अप्रूप वाटायचं!

आता दुसरी बाजू. माझ्या ऑफिसमधला एक मित्र म्हणतो, “अरे, पुण्यात इंडिकेटर देणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. लेन बदलायची आहे हे कळलं की मागचा मुद्दाम स्पीड वाढवतो. न सांगता घुसलास तरच जागा मिळते.” त्याचं म्हणणं खोटं नाही, मीही अनुभवलंय. मग जिथे सांगणाऱ्याचा तोटा होतो, तिथेही सांगायचं का?

इथे मला दुसऱ्या अध्यायातला कर्म आणि फळाचा विचार उपयोगी पडतो. मी सांगणं हे माझं कर्म. समोरच्याने जागा देणं हे फळ, ते माझ्या हातात नाही. नाही दिली तर पुढच्या कटवरून वळेन, पाच मिनिटं जातील. पण न सांगता घुसलो तर ती पाच मिनिटं मी कोणाच्या तरी धडधडत्या छातीतून वसूल केलेली असतात. आणि सगळ्यांनीच असा हिशोब केला, तर सांगणारा कोणीच उरत नाही आणि पुढचा कधी वळेल या भीतीत प्रत्येक जण गाडी चालवतो. आज आपली तीच अवस्था आहे.

एक उलटी चूकही मी करायचो. इंडिकेटर दिला म्हणजे आता रस्ता माझा, असं समजायचो. दिवा लागतो त्याच क्षणी हँडल वळलेलं! याला सांगणं म्हणत नाहीत. इंडिकेटर ही विनंती आहे, हुकूम नाही. तो मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. मागच्याला निदान चार-पाच लुकलुक दिसायला हव्यात, त्याला आपला वेग कमी करायला वेळ मिळायला हवा. मग आरशात बघायचं, मान वळवून बघायचं, आणि मगच वळायचं.

आणि खरं बोलायचं. गीतेच्या १७व्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय: जे बोलणं कोणाला उद्विग्न करत नाही, जे खरं, प्रिय आणि हिताचं आहे. बघा, इथेही ‘उद्वेग’ आलाच. इंडिकेटर ही गाडीची वाणीच की! दुचाकीवर वळून झाल्यावर तो बहुतेक वेळा आपोआप बंद होत नाही. आपण दोन किलोमीटर “उजवीकडे वळतोय, वळतोय” म्हणत सरळ जात राहतो. नकळत का होईना, ते खोटंच. चौकात सरळ जायचं म्हणून चारही दिवे लावणारे तर कितीतरी. हेतू चांगला असतो. पण डाव्या बाजूच्या माणसाला आपला फक्त डावा दिवा दिसतो आणि तो समजतो की हा डावीकडे वळणार. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं यापेक्षा ऐकणाऱ्याला काय कळलं, हे रस्त्यावर जास्त महत्त्वाचं.

हे सगळं लिहिलं खरं, पण श्लोकाचा दुसरा अर्धा भाग मला अजून जमत नाही. लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही तो भक्त. मी इंडिकेटर द्यायला लागलो आणि न देणाऱ्यांवर जास्त चिडायला लागलो! ‘मी देतो, यांना काय होतं?’ हा नवाच अहंकार. ज्ञानेश्वर माऊलींनी या श्लोकावर समुद्राचा दृष्टांत दिलाय. समुद्र कितीही उसळला तरी त्यातल्या जलचरांना भीती वाटत नाही, आणि जलचरांचा समुद्रालाही कंटाळा येत नाही. परवा एक जण न सांगता माझ्यापुढे घुसला. हात हॉर्नकडे गेला होता, तेवढ्यात ते काका आठवले. गुडघ्यातून रक्त येत असताना ते मला नीट समजावून सांगत होते. चिडायचा अधिकार त्यांना पूर्ण होता, तरी त्यांनी तो वापरला नाही. श्लोकाचे दोन्ही अर्धे त्या पहाटे त्यांच्याकडे होते, माझ्याकडे फक्त हरिपाठ होता.

त्यांची पुन्हा भेट झाली नाही. पहाटे त्या गल्लीशी वळताना मी अजूनही त्यांना शोधतो. आणि कोणी दिसो वा न दिसो, दिवा लावतो.

आजचा संकल्प छोटासाच: आज दिवसभरात जितक्या वेळा वळू, तितक्या वेळा आधी सांगू. सोसायटीच्या गेटमधून आत शिरतानासुद्धा. वळून झालं की बंद करायला विसरू नका, आणि सिग्नलला शेजारच्याचा चालू राहिलेला दिसला तर हसून सांगा, “दादा, इंडिकेटर!”

राम कृष्ण हरी.