हावरट, विसराळू, चिडकी

पहाटे साडेपाचला ऑफिसची कॅब मला नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सोडायची. दार हळूच उघडायचं, चपला हातात घ्यायच्या आणि दिवा न लावता थेट फ्रिजपुढे जाऊन उभं राहायचं. श्रीखंडाचा डबा काढायचा आणि उभ्या उभ्याच चमच्याने खायचं. शिफ्टमध्ये दोनदा खाणं झालेलं असे, पोट भरलेलं असे, तरी हात थांबत नसे. एकदा आई उठून स्वयंपाकघराच्या दारात आली. चोरी पकडल्यासारखा मी डबा बाजूला ठेवला. ‘झोप आता, बाळा,’ एवढंच ती म्हणाली. मी तिच्यावर केवढ्याने तरी ओरडले. दुपारी उठले तेव्हा लक्षात आलं, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायचं त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विसरून गेले होते.

ऐरोलीतल्या त्या नोकरीत मी तीन वर्षं रात्रपाळी केली. अमेरिकेतली माणसं जागी असत तेव्हा आम्ही जागे. त्या काळात मी स्वतःला तीन विशेषणं लावून घेतली होती: हावरट, विसराळू, चिडकी. स्वभावाचे हे तीन वेगवेगळे दोष आहेत आणि मनाचा निग्रह केला तर ते जातील, असं मला वाटायचं. आज मला खात्री आहे की ते तीन दोष नव्हते. एकाच शारीरिक अवस्थेची ती तीन लक्षणं होती, आणि त्या अवस्थेचं मूळ माझ्या स्वभावापेक्षा माझ्या घड्याळात जास्त होतं.

आपल्या भाषेला अचानक आलेला ताण फार चांगला कळतो. तोंडचं पाणी पळतं, पोटात गोळा येतो, घास घशाखाली उतरत नाही. हे निव्वळ अलंकार नाहीत, ही शरीराची अचूक वर्णनं आहेत. धोका जाणवला की काही क्षणांत अॅड्रिनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, लाळ आटते, पचनाचं काम थांबतं, भूक मरते. पळायचं असताना जेवण कोणाला सुचेल? पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या ताणासाठी आपल्याकडे असे वाक्प्रचार जवळजवळ नाहीत. तिथे आपण शरीराचं वर्णन करणं सोडतो आणि माणसाला नावं ठेवू लागतो.

अॅड्रिनलिनच्या मागोमाग दुसरं हार्मोन येतं, कॉर्टिसॉल. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देतो, ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना कळवते आणि तिथून कॉर्टिसॉल रक्तात येतं. खर्ची पडलेली ऊर्जा भरून काढणं हे त्याचं एक काम. म्हणून ते भूक वाढवतं, आणि ही भूक भाजी-भाकरीपेक्षा गोडाकडे आणि तळलेल्याकडे जास्त ओढते. अमेरिकेतल्या संशोधक मेरी डॉलमन यांनी २००३ मध्ये मांडलं की गोड आणि चरबीयुक्त खाणं मेंदूतल्या ताणाच्या यंत्रणेला खरोखरच थोडं शांत करतं. म्हणजे माझ्या हातातला तो श्रीखंडाचा चमचा औषधासारखाच काम करत होता. ते औषध चुकीचं होतं, पण त्यामागची गरज खोटी नव्हती.

स्मृतीचंही असंच. २६ जुलै २००५ च्या पुरात तुम्ही कुठे होता असं नवी मुंबईत कोणालाही विचारा. कोण कोणत्या स्टेशनात अडकलं, पाणी कुठवर चढलं होतं, कोणी चहा दिला, सगळं सांगतील. छोटा, तीव्र ताण आठवण कोरून ठेवतो. मात्र तेच कॉर्टिसॉल नको त्या वेळी वाढलं तर साठवलेलं बाहेर येऊ देत नाही. डॉमिनिक द केर्व्हँ आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना पाठ केलेले शब्द आठवण्याच्या तासभर आधी शरीरात कॉर्टिसॉल बनणाऱ्या कॉर्टिसोनची गोळी दिली, तेव्हा त्यांना कमी शब्द आठवले. पेपर हातात पडल्यावर ज्या मुलाला काहीच आठवत नाही, त्याला आपण ‘अभ्यास केला नसशील’ म्हणतो. अभ्यास डोक्यात असतो, त्याच्यापर्यंत जायची वाट त्या घडीला बंद असते.

न्यूयॉर्कच्या ब्रूस मॅकइवन यांनी १९६८ मध्ये दाखवलं की उंदरांमध्ये ताणाचं हार्मोन मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या केंद्रात जाऊन ठाण मांडतं. त्यापुढचं एक महत्त्वाचं पाऊल भारतात पडलं. बंगळुरूच्या एनसीबीएस या संस्थेत सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस, जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डलात मात्र त्या उलट वाढल्या. हे निष्कर्ष २००२ चे. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: एकवीस दिवसांच्या विश्रांतीनंतर हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डला सावरला नाही. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही ती नोकरी सोडल्यावर काही महिन्यांतच मला फोन नंबर पुन्हा पाठ राहू लागले आणि कॅबचा हॉर्न ऐकून दचकणं मात्र कितीतरी दिवस गेलं नाही, हे मला त्या उंदरांच्या आधारेच पहिल्यांदा समजलं.

या सगळ्यात झोपेची भर पडते. शिकागोतल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. तृप्ती सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक जागवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. दोन रात्रींत एवढं, मग तीन वर्षांत काय होत असेल? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फ्रँक शीअर यांच्या गटाने लोकांचं झोपेचं आणि जेवणाचं घड्याळ बारा तासांनी उलटं केलं. कॉर्टिसॉलची लय उलटी झाली आणि रक्तातली साखर वाढली, काही निरोगी माणसांची तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोचली.

आपल्यासाठी हा उंबरठा आणखी जवळ आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले स्नेही जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेला भारतीय आतून चरबी बाळगतो, तीही बरीचशी पोटाभोवती. दीर्घ ताणातलं कॉर्टिसॉल चरबी नेमकी तिथेच साठवतं.

आता माझ्या गावाकडे येते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. पंचाण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर आखलं गेलं. सेक्टर आखले, स्टेशनं आखली, बाजारपेठा आखल्या. माणसाची रात्र कोणत्याही नकाशात आली नाही. मुंबईचे घाऊक बाजार इथे आले. रात्री भाजीच्या गाड्या लागतात आणि शहर झोपलेलं असताना माथाडी कामगार पाठीवर माल वाहतो. पुढे ऐरोली, महापेत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तिथेही रात्री दिवे जळू लागले. माझी कॅब पहाटे तुर्भ्यावरून जायची तेव्हा बाजाराच्या फाटकाशी कपाळाला फडकं बांधलेली माणसं चहा आणि वडापाव घेऊन उकिडवी बसलेली दिसायची. माझ्या मांडीवर वेफर्सचं पाकीट असायचं. काचेच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच अवेळी तीच भूक होती, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

माथाडींच्या ओझ्याची दखल या राज्याने फार पूर्वी घेतली. अण्णासाहेब पाटलांनी ती चळवळ उभी केली आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. ते ओझं पाठीवर दिसत होतं. शरीराच्या आतल्या झिजेला मॅकइवन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये नाव दिलं, त्यातही ‘ओझं’ हाच शब्द आहे: ताणाशी जुळवून घेता घेता शरीरावर साचत गेलेलं ओझं. ते दिसत नाही, म्हणून त्याचा कायदा नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि दुकाने व आस्थापनांतली नऊवरून दहा तास करायला मान्यता दिली. जादा तासांचे जादा पैसे मिळतील हे खरं. कॉर्टिसॉलला मात्र पगाराची पावती वाचता येत नाही. बेलापूरला राहून मुंबईत कामाला जाणाऱ्याच्या बारा तासांत लोकलचे दोन-तीन तास मिळवले, तर झोपेला, मुलांना आणि ताटावर बसून जेवायला काय उरतं, याचा हिशेब त्या निर्णयात दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘सगळं हार्मोन्सवर ढकललं तर माणसाची जबाबदारी काय राहिली?’ प्रश्न रास्त आहे. आईवर ओरडले ती मीच, कॉर्टिसॉल नव्हे. माफी मलाच मागावी लागली आणि मी ती मागितली. शिवाय ताणात सगळेच जास्त खातात असं नाही, काहींचं जेवण तुटतं. विसरणं, वजन, चिडचिड यांमागे थायरॉइडपासून नैराश्यापर्यंत इतर कारणंही असतात, तेव्हा डॉक्टरकडे जायलाच हवं. पण जबाबदारी पेलायची तर कारण खरं कळावं लागतं. मी तीन वर्षं निग्रहाशी झुंजले. दर सोमवारी डाएट सुरू केलं आणि दर गुरुवारी मोडलं. दर वेळी स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज हाही ताणच होता. वजन घटवून देणाऱ्या पावडरी विकणाऱ्यांना अशी लाजेने वाकलेली माणसं हवी असतात.

मला म्हणायचं आहे ते असं. रात्रपाळी दर आठवड्याला उलटसुलट फिरवणं थांबवा, दोन पाळ्यांमध्ये पुरती झोप होईल एवढं अंतर कायद्याने बांधून द्या. रात्रीच्या कँटीनमध्ये वेफर्स आणि शीतपेयांच्या जागी डाळ-भात, उसळ, ताक ठेवा. बाजार समितीपासून काचेच्या इमारतींपर्यंत जिथे रात्री काम चालतं तिथे वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कंबरेचा घेर आणि झोप यांची तपासणी सक्तीची करा. कामाचे तास वाढवणाऱ्या प्रत्येक निर्णयापूर्वी डॉक्टरांचं मत नोंदवून घ्या. रस्ते आणि गटारं आखणाऱ्या शहराला एवढं आखणं अवघड नाही.

आणि घरातल्या माणसांनो, तुमच्याकडे फक्त एक मागणं आहे. पहाटे कोणी अंधारात फ्रिजपुढे उभं दिसलं, तर त्याला हावरट म्हणू नका. दिवा लावा, खुर्ची ओढा, ताटात गरम काहीतरी वाढा आणि विचारा, ‘आज किती तास झोपलास?’